तांबड्या मातीच्या शेताला ‘काळी’ का म्हणतात?

जांबोटीची लेक:

सर्वांना नमस्कार. माझे माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आहे आणि सासर बैलहोंगलकडे, त्यामुळे तांबडी आणि काळी अशा दोन्ही मातींत माझे आयुष्य गेले आहे. गेल्या महिन्यात माहेरच्या माळ्यावरची पेटी उघडली, तेव्हा आजोबांच्या वेळचा वाटणीचा एक कागद हाती आला. कागद मोडी लिपीत होता, म्हणून तो ओळखीच्या गुरुजींकडून वाचून घेतला. भावाभावांनी काळी कशी वाटून घेतली आणि पांढरी कोणाकडे राहिली, याचा त्यात तपशील आहे. आमच्या गावात काळी माती औषधालाही मिळत नाही. भाताची खाचरे तांबडी, काजूचा माळ तांबडा, पावसाळ्यात ओढ्याला येणारे पाणीसुद्धा तांबडे असते. मग आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी वाटून घेतलेली ही काळी कोणती? आणि पांढरी म्हणजे काय?

दुसरा प्रश्न मनाला अधिक लागलेला आहे. माझी मुलगी सातवीत शिकते आणि वर्णाने सावळी आहे. वर्गात तिच्या रंगावरून कोणीतरी काही बोलले. घरी आल्यावर तिने वहीत ‘काळा’ शब्दाचे प्रयोग लिहून काढले: काळा पैसा, काळा बाजार, काळी यादी, काळे कृत्य, तोंड काळे करणे. आणि मला विचारले, “आई, मराठीत काळे म्हणजे वाईटच का?” मी तिला समजावले खरे, पण तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. जाणकारांनी दोन्ही प्रश्नांवर सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त मोजणीदार, खानापूर:

ताई, तुमच्या कागदातली काळी हा मातीचा रंग नाही, तो जमिनीचा वापर आहे. जुन्या मराठी कारभारात गावाचे दोन भाग मानले जात. जिथे नांगर चालतो ती काळी आणि जिथे माणसांची घरे उभी आहेत ती पांढरी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही या दोन शब्दांना हे अर्थ दिलेले आहेत. पाटील-कुलकर्ण्यांचे हक्कही या दोन्ही भागांवर असत: काळीतून पिकाचा वाटा मिळे, तर पांढरीतून मानपान, घराची जागा आणि तेल्याकडचे तेल किंवा चांभाराकडचा जोडा अशा गोष्टी मिळत. म्हणून तुमच्या आजोबांच्या कागदाचा सरळ अर्थ असा की, भावांनी शेतजमीन वाटून घेतली आणि राहत्या घराची जागा कोणा एकाकडे ठेवली. आज आपण ज्याला गावठाण म्हणतो, ती पांढरी.

हे रंग आले कुठून, ते सांगतो. दख्खनच्या पठारावर बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली माती काळी आणि चिकण असते. ती ओल धरून ठेवते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती या भेगांत उतरते, पावसात ती पुन्हा फुगून वर येते, म्हणून ही जमीन स्वतःला नांगरते असे जुने शेतकरी म्हणतात. कापूस, शाळू, हरभरा ही तिची पिके आहेत. पठारावरच्या माणसाला शेतजमीन म्हटली की हीच माती डोळ्यांपुढे येई, आणि तिलाच तो काळी आई म्हणू लागला. पांढरीचे कारण वेगळे आहे. एकाच जागी शेकडो वर्षे माणसे राहिली की तिथे चुलीची राख साचते, शेण पडते, मातीच्या भिंती कोसळतात आणि त्यांवर नव्या भिंती उभ्या राहतात, चुन्याचे पोपडे त्यातच मिसळतात. अशी माती राखाडी-पांढुरकी होते. ओसाड पडलेल्या गावठाणाची ही माती खत म्हणून शेतात नेण्याची चाल होती, कारण राखेमुळे आणि शेणामुळे तिच्यात पिकाला लागणारे पुष्कळ काही असते. महाराष्ट्रातील पुरातत्त्वज्ञ जुनी वस्ती शोधतात तेव्हा अशीच पांढरीची टेकाडे हुडकत हिंडतात.

आता तुमचा नेमका प्रश्न. खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस धो धो पडतो. त्या पावसाने मातीतले इतर क्षार वाहून जातात आणि लोह मागे राहते, म्हणून ती माती तांबडी दिसते. तिथल्या शेतालाही कागदात काळी म्हटले, कारण माझ्या मते तोवर हा शब्द रंगाचा राहिलाच नव्हता. पठारावर जन्मलेला हा शब्द कारभाराच्या दप्तरातून घाटाच्या कडेपर्यंत आला, आणि येताना त्याने अर्थ आणला, रंग मागे ठेवला. भाषेत हे नेहमी घडते. शाई हा शब्द पाहा. फारसीत सियाह म्हणजे काळा आणि सियाही म्हणजे काळेपणा. त्यावरून आपली शाई आली, आणि आज आपण निळी शाई, लाल शाई असे सहज म्हणतो. तेल हे मुळात तिळाचे, पण आपण शेंगतेल आणि खोबरेल म्हणताना कोणालाच अडखळायला होत नाही. तांबडी काळी ही तशीच गोष्ट आहे.

मोजणीच्या नोकरीत मी खानापुरातली तांबडी शेते साखळीने मोजली आणि बैलहोंगलची काळी रानेही मोजली. पावसात काळ्या रानातून चालताना चपलेला इतकी माती चिकटे की, दर दहा पावलांना थांबून ती काडीने खरवडावी लागे. तांबड्या मातीत तसे होत नसे. कागदावर मात्र दोन्हींचे नाव एकच होते.

जांबोटीची लेक:

काका, मनापासून आभार. तुमच्या उत्तराने आणखी एक गोष्ट आठवली. आमच्या गावातले एक जुने घर पडून त्या जागी नुसता चौथरा उरला होता. त्या जागेला माझी आजी पांढर म्हणत असे, आणि मृगाच्या आधी तिथली माती पाट्या भरभरून भाताच्या तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, टाकायला लावत असे. ती जागा पांढरी नव्हती, म्हणून मी आजीला हसत असे. आज ते हसणे चुकले असे वाटते.

विणकरांची सून, शहापूर:

मुलीच्या प्रश्नावर मला लिहायचे आहे, कारण माझ्या सासरी दोन पिढ्या मागावर गेल्या आहेत आणि काळा रंग मी हाताने ओळखते.

ताई, तुमच्या मुलीने कोशात न पाहता घरात पाहावे. बाळ जन्मले की आपण त्याच्या गालावर काळी तीट लावतो, मनगटात काळे मणी बांधतो. नवरीच्या गळ्यात काळी पोत येते आणि आपल्याकडच्या कानडी बायका त्याच मण्यांना करीमणी म्हणतात. जे सर्वांत जपायचे, त्याच्याभोवती आपण काळा रंग बांधतो. संक्रांतीला नवीन लग्न झालेल्या मुलीला काळी साडी, चंद्रकळा, हौसेने घेतात आणि तिच्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घालतात. एरवी सणाला काळे नको म्हणणाऱ्या घरातही त्या दिवशी काळेच लागते. थंडीत काळे कापड ऊन धरते, हे कारण सगळे सांगतात. ते बरोबरही आहे, पण काळ्यावर हलवा जसा उठून दिसतो तसा दुसऱ्या कशावरच दिसत नाही, हेही मी त्यात जोडीन. माझ्या सासूबाईंची काळी इरकल, लाल पदराची, अजून माझ्या कपाटात आहे. इतक्या धुण्यांनंतर तिचे काळेपण उडालेले नाही, फक्त मऊ झाले आहे. सुताला पक्का काळा रंग देणे हे रंगाऱ्याचे कसब असते. कच्चा काळा दोन धुण्यांत तपकिरी होतो आणि शेजारच्या पांढऱ्या काठालाही डाग लावतो.

आणि शब्दांचे म्हणाल तर मराठीने जितकी काळ्याची पारख केली आहे तितकी फार थोड्या रंगांची केली असेल. केस आणि डोळे काळेभोर असतात, पावसाचे ढग काळेकुट्ट, डोह काळाशार, कातळ काळाकभिन्न. तव्यावर करपलेली भाकरी काळीठिक्कर होते आणि तेल लावलेली म्हैस काळीकुळकुळीत दिसते. कोणी काळेकुट्ट केस म्हणाले तर कानाला खटकते, आणि करपलेल्या भाकरीला काळीभोर म्हणण्याची कोणाची हिंमत होणार नाही. भोर म्हटले की त्यात माया येते, कुट्ट म्हटले की दाटपणा येतो, ठिक्कर म्हटले की नासलेपण येते. काळसर, काळपट, काळवंडलेला हे तर आणखी निराळे. मुलीला सांगा, वाईट असते तर आपल्या भाषेने त्याच्याकडे इतक्या जवळून पाहिले नसते. उन्हाळ्यात जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूने टोपलीतून येणाऱ्या करवंदांना आपण काळी मैना म्हणतो, ते लाडाचेच नाव आहे.

मराठी शिक्षक, निपाणी:

वरच्या दोन्ही उत्तरांबद्दल मला आदर आहे, तरी मुलीपुढे अर्धेच चित्र ठेवू नये असे वाटते. काळा बाजार, काळा पैसा, काळी यादी हे शब्द आपण इंग्रजीवरून घडवले. युद्धाच्या आणि रेशनच्या काळात काळा बाजार सर्वांच्या तोंडी बसला. त्यांचा दोष मराठी मनावर टाकण्याचे कारण नाही. पण सगळेच आपण बाहेरून आणले, असे म्हणणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. तोंड काळे करणे हे आपलेच आहे. त्याचे दोन अर्थ आहेत, कलंक लावून घेणे आणि निघून जाणे, आणि ‘काळे कर’ म्हणून माणसाला हाकलण्याचा प्रयोगही जुनाच आहे. काळ्या तोंडाचा ही शिवी आपलीच आहे. काळे पाणी म्हणजे समुद्रापारची शिक्षा, हाही आपल्या मनातल्या भीतीने घडवलेला शब्द आहे. ‘काळं कुत्रंही विचारत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा बिचाऱ्या कुत्र्याचा रंग उगाचच मध्ये येतो.

तरीही या शब्दांत एक फरक आहे, तो मुलीला समजेल असे मला वाटते. तोंड काळे होते ते काजळी फासल्यामुळे, म्हणजे वरून लावलेल्या डागामुळे. ज्याचा रंगच सावळा आहे त्याचा त्या वाक्प्रचाराशी काहीही संबंध नाही. ज्या भाषेने डाग लागल्यास तोंड काळे झाले म्हटले, तिनेच विठ्ठलाला सावळा म्हणून डोक्यावर घेतले, आणि शेकडो वर्षे वारकरी त्या काळ्या मूर्तीसाठी चालत आहेत. वर्गात कोणी रंगावरून हिणवले तर ती त्या मुलाची चूक आहे, आणि ती शिक्षकाने तिथेच थांबवायला हवी होती. त्यात भाषेचा आधार कोणी घेऊ नये.

आणखी दोन प्रयोग तिच्या वहीत घालावेत. ‘पांढऱ्यावर काळे करणे’ म्हणजे लिहिणे, आणि ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणजे कधीही न पुसणारी गोष्ट. आणि तिसरा शब्द काळीज. संस्कृतात कालखण्ड म्हणजे यकृत, आणि अमरकोशात हा शब्द यकृताबरोबरच आलेला आहे. यकृत गडद काळपट असते, त्यावरून हे नाव पडले. संस्कृतातला कालेय हाही यकृताचाच शब्द आहे, आणि आपले काळीज त्याच कुळातले. खाटकाच्या दुकानात आजही कलेजी म्हणजे यकृतच, पण आपण बोलताना काळीज हृदयाला म्हणतो, आणि काळजी हा शब्दही काळजाशीच जोडला जातो. काळजाचा तुकडा म्हणताना आपण मुळात एका काळ्या गोष्टीचेच नाव घेत असतो.

अथणीकर:

मी घरी मराठी आणि शाळेत कन्नड शिकलेला माणूस आहे, त्यामुळे या धाग्यात शेजारच्या भाषेचा हिशेब मांडायला आवडेल. आपल्या भागात काळ्याला एक शब्द पुरत नाही.

कन्नडात काळ्यासाठी करी आणि कप्पु असे दोन नेहमीचे शब्द आहेत, आणि त्यांची कामे वाटलेली आहेत. घरातल्या, मळ्यातल्या, खाण्याच्या गोष्टींना करी लागते: करी एळ्ळु म्हणजे काळे तीळ, करीमणी म्हणजे काळे मणी. करिबेवु म्हणजे शब्दशः काळा कडुनिंब, म्हणजे आपला कढीपत्ता. आमच्या आईला कढीपत्ता हा शब्द कधी बोलताना ऐकला नाही, ती फोडणीला करिबेवूच घालत असे. उलट नव्या, छापील गोष्टींना कप्पु लागते: कप्पु हण म्हणजे काळा पैसा, कप्पुपट्टी म्हणजे काळी यादी. काळ्या बाजाराला मात्र कन्नड माणूस काळसंते म्हणतो, म्हणजे संते कन्नड आणि काळ आपल्याही ओळखीचा. शिक्षक महाशयांनी उधारीचे आणि घरचे अशी जी वाटणी केली, ती कन्नडात शब्दांतच दिसते. घरचा काळा करी आहे आणि वर्तमानपत्रातला बहुधा कप्पु.

काळ्या जमिनीला कन्नडात एरे म्हणतात. आमच्या अथणीच्या रानात मराठी शेतकरीसुद्धा एरी रान म्हणतो, आणि काळी म्हणतो ते केवळ मराठी पाहुण्यांशी बोलताना. गांडुळाला कन्नडात एरेहुळु असे नाव आहे, त्यातला हुळु म्हणजे किडा. आणखी एक गोष्ट. ‘कर्नाटक’ या नावाची जी दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात, त्यांपैकी एकात ते उंच प्रदेश या अर्थाच्या करुनाडूवरून आले असे मानतात आणि दुसऱ्यात काळ्या मातीचा देश या अर्थाने करी शब्दाशी जोडतात. दुसरे स्पष्टीकरण धरले तर खानापूरच्या काकांची काळी आणि आपल्या राज्याचे नाव एकाच मातीतून उगवलेले दिसते.

सीमाभागात काळा म्हटल्यावर १ नोव्हेंबरचा उल्लेख टाळता येत नाही. १९५६ साली याच तारखेला भाषावार राज्यरचना अमलात आली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९७३ साली याच तारखेला त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि २०१४ साली याच तारखेला शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. शासकीय पातळीवर तो राज्योत्सव असतो, पिवळा-तांबडा ध्वज असतो. मराठी भाषकांतील अनेक जण १९५६ पासून तो काळा दिवस म्हणून पाळतात, काळ्या फिती लावतात. माझे लक्ष वेधते ते एका शब्दाकडे. कन्नड वृत्तपत्रे त्या पाळण्याला कराळ दिन म्हणतात, आणि कराळ म्हणजे काळे नव्हे, कराल, म्हणजे भयंकर. मराठी माणूस काळा दिवस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दुःखाची, निषेधाची काळी फीत असते. भाषांतरात तो रंग गळून भीषणपणा उरतो. शब्द नीट उचलला असता तर निदान गैरसमजाचा एक थर तरी कमी झाला असता, असे मला दोन्ही भाषांवर प्रेम असल्यामुळे वाटते.

शेवटी सणांचे. आपल्याकडे सणाच्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात आणि पंचांगात करिदिन लिहितात. आमच्या घरात कन्नडातले करी ठाऊक असल्यामुळे त्याला काळा दिवसच समजत आणि त्या दिवशी नवे काम सुरू करत नसत.

निवृत्त मोजणीदार, खानापूर:

अथणीकरांनी एरेचा उल्लेख केला हे चांगले झाले. जुन्या मोजणीत आम्हाला हे शब्द रोज लागत. काळ्या मातीला इंग्रजी पुस्तकांत रेगूर म्हणतात, तो शब्द तेलुगूतल्या रेगडीवरून गेलेला आहे. एका मातीला मराठीत काळी, कन्नडात एरे आणि तेलुगूत रेगडी अशी तीन नावे आहेत, आणि त्यांपैकी फक्त मराठीने तिला उघडउघड रंगाच्या नावाने हाक मारली.

जांबोटीची लेक:

सर्वांचे आभार मानावे तितके थोडे आहेत. काल रविवारी मुलीला घेऊन आधी माहेरी गेले आणि तिथून सासरी. दोन्हीकडच्या शेतातली एकेक मूठ माती आम्ही कागदाच्या पुड्यांत बांधून आणली. घरी आल्यावर तिने दोन पांढऱ्या बशांत ती ओतली आणि दोन्हींवर चमचाभर पाणी घातले. बैलहोंगलची माती फुगली, चकचकीत झाली आणि बोटाला लोण्यासारखी चिकटली. जांबोटीच्या मातीतून पाणी सरळ खाली उतरले आणि बशीत तांबडी रेघ राहिली.

मग तिने वही काढली. काळा पैसा, काळी यादी हे शब्द तिने खोडले नाहीत, पण त्यांच्यासमोर ‘इंग्रजीवरून’ असे लिहिले. तोंड काळे करणे याच्यासमोर ‘काजळी लावल्यामुळे’ असे लिहिले. त्याखाली काळेभोर, काळाशार, काळीठिक्कर, काळीज, करिबेवु, एरे असे लिहीत ती पानाच्या तळापर्यंत गेली. सर्वांत वर, दोन्ही बशांच्या चित्रांखाली, तिने एकच शब्द दोनदा लिहिला आहे: काळी, काळी. त्यांतील एक तिने तांबड्या पेन्सिलीने लिहिला आहे.